डेटा हातात येईपर्यंत विषय पक्का करू नका
हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर हाताळण्याच्या शास्त्रात, पीएचडी करायची म्हणणारे बहुतेक जण मला आधी अल्गोरिदमबद्दल विचारतात. पायथन, एसक्यूएल येतं, एचएल७ (रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची याचा मापदंड) म्हणजे काय ते ठाऊक आहे, हे मी धरूनच चालते. माझा उलट प्रश्न एकच असतो: रुग्णांच्या नोंदी कोण देणार आहे, आणि तसं कागदावर आहे का?

"डेटा ना? मिळेल हो," असं विभागप्रमुख म्हणाले की आपण लगेच सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायला बसतो. बसू नका. त्यांचा होकार खरा असतो, पण तो त्यांच्यापुरताच. पुढे संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी एथिक्स कमिटी. जुन्या नोंदींसाठी रुग्णांच्या संमतीतून सूट हवी असेल तर तीही तिथेच मागावी लागते; आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आधी नीट वाचा. मग रुग्णालयाचं व्यवस्थापन आणि त्यांचे वकील. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून ते आणखी जपून असतात, आणि ते योग्यच आहे.

आणि शेवटी व्हेंडर, म्हणजे रुग्णालयाला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी. त्याचा विचारच कुणी करत नाही. माझं घोडं तिथेच अडलं. कमिटीचं पत्र हातात, वरिष्ठांची सही झालेली, आणि व्हेंडर म्हणतो, करारात ठरलेले रिपोर्ट देणं आहे, डेटाबेसची टेबलं काढून देणं नाही. त्याचे वेगळे पैसे. रुग्णालय ते देईना, माझ्या फेलोशिपमध्ये तशी तरतूद नाही. हाती आल्या डिस्चार्ज समरीच्या पीडीएफ, त्यातही लॅबचे रिपोर्ट स्कॅन केलेले. पीएचडीच्या नोंदणीची मुदत मात्र चालूच. म्हणून सांगते, चारही होकार लेखी घ्या. त्याआधी, रुग्णाची एकही नोंद न मागता, नुसती रकान्यांची यादी आणि कुठला रकाना साधारण किती भरलेला असतो एवढं विचारा. निदानाचा रकाना रिकामा आणि सगळं 'रिमार्क्स'मध्ये कोंबलेलं, हे तेव्हाच कळतं.

वेळेच्या रकान्यावर तर डोळे झाकून विश्वास नको. ड्यूटी संपताना सिस्टर रात्रभराचं बीपी एकदम भरतात. त्यांना आधी पेशंट बघायचा असतो. त्या वेळांवर सेप्सिसचं (संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या गुंतागुंतीचं) भाकीत करणारं मॉडेल बांधलंत तर तुम्ही टायपिंगची वेळ मोजताय.

घाबरू नका, वाटा आहेत. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातल्या आयसीयूच्या नोंदींचा 'मिमिक' संग्रह छोटं प्रशिक्षण आणि करार केला की फुकट मिळतो. पद्धतीवर काम असेल तर उत्तम. फक्त त्यावरून आपल्या ग्रामीण रुग्णालयांबद्दल निष्कर्ष काढू नका. पिमा डायबेटिसच्या ७६८ नोंदींवर तर आता कुणी प्रबंध लिहू नये, हे माझं ठाम मत. तो अ‍ॅरिझोनातल्या पिमा जमातीच्या बायकांचा डेटा आहे, आणि लोक त्यावरून भारतीय मधुमेहावर बोलतात!

रुग्णांच्या नोंदींशिवायही विषय मिळतात. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संचाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या एनआरसीईएसकडून (आरोग्य नोंदींच्या मापदंडांच्या राष्ट्रीय केंद्राकडून) त्याचा परवाना मोफत मिळतो. डॉक्टर मराठी-इंग्रजी मिसळून लिहितात त्या तक्रारी या संज्ञांशी जुळवणं हे कष्टाचं पण खरं काम आहे. ओपनएमआरएस या मुक्त वैद्यकीय नोंदप्रणालीवर उभं असलेलं बाहमनी हे रुग्णालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, सर्व्हरवर टाकून आतून बघता येतं. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या रुग्णालयात ते आधी वापरात आलं.

गाइडचं म्हणाल तर मोठ्या नावाच्या मागे लागू नका. एक गाइड कॉम्प्युटरचा, सहगाइड रोज वॉर्डात जाणारा. कॉम्प्युटरवाले म्हणतील यात नवीन काय, मेडिकलवाले म्हणतील यात क्लिनिकल काय. दोघांनाही उत्तर देणारं माणूस सोबत हवं. नोकरीच्या जाहिरातींचंही तेच. स्वतंत्र विभाग मोजकेच, जागा निघते ती कॉम्प्युटर सायन्स किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये. तेव्हा प्रवेश घेण्याआधीच त्या दोन विभागांच्या जाहिरातीतली पात्रता काढून वाचा. एमबीबीएस नसाल तर कम्युनिटी मेडिसिनची जागा बहुधा तुमची नाही.