इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी: ओळखायची कशी, मोजायची कशी, आणि सोडियमची वाट बघायची का?

गाडी घेताना रेंज सगळेच विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे: आत सेल कुठले आहेत? गाडी किती वर्षं टिकेल, कुठला चार्जर चालेल, पाच वर्षांनी विकताना काय भाव येईल, हे बरंचसं त्यावरच ठरतं. शोरूममध्ये नुसतं ‘लिथियम’ एवढंच सांगतात. तेवढ्यावर भागत नाही.

चार्जर उलटा करा आणि भागाकार करा

चार्जरच्या पाठीमागे ‘आउटपुट’समोर व्होल्टचा आकडा असतो. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो. एनएमसीचा, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. लेबलवरच्या आकड्याला दोन्हींनी भागून बघा. ज्याने पूर्ण संख्या येईल, ते सेल तुमच्या गाडीत आहेत. ७३ भागिले ३.६५ म्हणजे २०, तर आत एलएफपीचे २० सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. ७१.४ भागिले ४.२ म्हणजे १७, एनएमसी. ५४.६ म्हणजे एनएमसीचे १३.

५८ च्या आसपास मात्र जपून. ५८.४ म्हणजे एलएफपीचे १६ सेल आणि ५८.८ म्हणजे एनएमसीचे १४. त्यातही ५८.८ हाच आकडा ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड चार्जरवर असू शकतो, कारण १२ व्होल्टची एकेक बॅटरी १४.७ ला भरते आणि अशा चार असतात. म्हणून बॅटरीवरचं लेबलही जुळवून बघा: ५१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर एलएफपी, ५०.४ किंवा ५१.८ असेल तर एनएमसी.

हा हिशेब जुन्या गाड्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. कमी वेगाच्या स्कूटरमधल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या गेल्या की गावातच लिथियम पॅक बसवून घेतात, आणि चार्जर ‘तोच चालतोय’ म्हणून जुनाच ठेवतात. १३ सेलच्या एनएमसी पॅकला ५८.८ व्होल्टचा चार्जर लावला तर एका सेलवर साडेचार व्होल्टच्या वर जातात. सेल फुगतो, आत शॉर्ट होतो, पेट घेतो. मधे बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली तर वीज तोडणारं सर्किट, असतो हे खरं, पण तो शेवटचा बंधारा आहे. रोज त्याच्याच भरवशावर राहायचं नाही. पॅक बदलला की चार्जरही त्याच पॅकचा घ्या.

रोजच्या वापराला, परवडत असेल तर, एलएफपी घ्या. वजन थोडं जास्त असतं, कारण एका किलोत वीज कमी मावते. पण साधारण दोन हजार किंवा त्याहून जास्त वेळा ते पूर्ण चार्ज होऊ शकतात, आणि तापल्यावर एनएमसीइतक्या लवकर भडकत नाहीत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली गाडी लावणाऱ्याने एवढं बघितलंच पाहिजे.

घाटाचा हिशेब

कंपनीची रेंज सपाट रस्त्याची असते. साताऱ्यातून यवतेश्वर घाटाने कासला जायचं तर अंतर सुमारे २५ किलोमीटर आणि चढ साधारण ५०० मीटरचा. गाडी १२० किलोची, वर दोघं मिळून १४० किलो धरा. एवढं वजन ५०० मीटर उचलायला सुमारे ०.३५ युनिट, म्हणजे किलोवॉट-तास (kWh), लागतं. मोटर आणि कंट्रोलरमधली गळती धरून ०.४५. सपाटीवर किलोमीटरला २८ वॉट-तास धरले तर २५ किलोमीटरला ०.७. म्हणजे जाताना साधारण १.१५ युनिट. तीन युनिटच्या बॅटरीत हे आरामात बसतं, दोन युनिटच्या बॅटरीत परतीला हात आखडावा लागतो.

उतरताना रीजनमुळे, म्हणजे मोटरच ब्रेकसारखी वापरून वीज बनवल्यामुळे, थोडी वीज परत येते, पण चढताना गेलेली सगळी नाही. आणि वर पोचून शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला घेऊ नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे बीएमएस रीजन कमी करतो किंवा बंद करतो. रोज ॲक्सिलरेटर सोडल्यावर जो अटकाव जाणवतो, तो पहिल्याच वळणावर मिळत नाही. वर चार्ज करायचंच असेल तर ८५ टक्क्यांवर थांबा.

बॅटरी किती उरली, ते घरी मोजा

ॲपमधली टक्केवारी हा गाडीचा अंदाज असतो. खरं मोजायला प्लगमध्ये बसणारा छोटा युनिट मीटर पुरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो.

१. गाडी १० टक्क्यांपर्यंत चालवा, मग तासभर सावलीत थंड होऊ द्या.
२. मीटर शून्यावर आणून १०० टक्क्यांपर्यंत एका दमात चार्ज करा. मधे लाइट गेली तर आकडा धरू नका.
३. मीटरवरच्या युनिटला ०.८८ ने गुणा, कारण चार्जरमध्ये साधारण १२ टक्के वीज उष्णता होऊन जाते.
४. आलेल्या आकड्याला ०.९ ने भागा. ही तुमची आजची क्षमता.

तीन युनिटच्या बॅटरीला नवी असताना ३.०५ च्या आसपास युनिट लागायला हवेत. मीटर २.४५ दाखवत असेल तर उत्तर येतं २.४, म्हणजे ८० टक्के. काही कंपन्या थोडी क्षमता मुद्दाम राखून ठेवतात, त्यामुळे नवी गाडी आल्या महिन्यातच एकदा मोजून आकडा लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशीच ताडा. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याला ही चाचणी करू द्या म्हणावं. तयार नसेल तर भाव त्या हिशेबाने पाडा.

एलएफपीत आणखी एक गोम आहे. २० ते ८० टक्क्यांदरम्यान त्याचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, म्हणून गाडीला नेमकी टक्केवारी कळत नाही. ३० वरून एकदम ८ वर आली, अशा तक्रारी बहुतेक याच असतात. आठवड्यातून एकदा पूर्ण १०० पर्यंत भरा आणि चार्जर आपोआप बंद होईपर्यंत काढू नका. सेलही तेव्हाच बरोबरीला येतात. एनएमसीला उलट: रोज ८०–९० पुरे, आणि भरून ठेवून दोन-दोन आठवडे गाडी उभी करू नका.

चार्जिंगसाठी वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात पाणी घालत राहा.

कृष्णेचं पाणी वाढलं तर

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. गाडी हलवायची ती इशाऱ्याच्या आधी, निम्म्या चार्जवर. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ किंवा २०२१ सारखं पाणी दिवसच्या दिवस राहिलं तर त्या शिक्क्याचा उपयोग नाही.

गाडी बुडालीच तर पाणी उतरल्यावर चावी फिरवू नका, चार्जर लावू नका, पॅक उन्हात वाळवून ‘बघूया’ म्हणू नका. गाडी ढकलत मोकळ्या जागेत न्या, घर आणि गोठ्यापासून पंधरा मीटर तरी लांब, आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. आत शिरलेला गाळ सर्किटवर बसतो आणि आग काही दिवसांनीही लागते. फुसफुस आवाज, पांढरा धूर किंवा गोडसर वास आला की माणसं लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, सेल थंड होत नाहीत. त्याला भरपूर पाणीच लागतं.

नवीन बॅटरीसाठी थांबायचं का?

सोडियम-आयन आता प्रयोगशाळेबाहेर आली आहे. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये किलोला १६० वॉट-तासांचा सेल जाहीर केला, २०२५ मध्ये १७५ चा. लिथियम लागत नाही, तांब्याच्या पट्टीऐवजी ॲल्युमिनियम चालतं, थंडीतही काम करते. उद्या स्वस्त गाड्यांत ती दिसेल. पण तिचं व्होल्टेज भरल्यापासून रिकामी होईपर्यंत लिथियमपेक्षा खूप जास्त उतरतं, त्यामुळे आजच्या गाडीत पुढे सोडियम पॅक टाकू म्हणाल तर कंट्रोलर आणि चार्जरही बदलावा लागेल. सॉलिड-स्टेटसाठी, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीसाठी, टोयोटाने २०२७–२८ चं लक्ष्य सांगितलंय, तेही कारसाठी.

बीवायडी या चिनी कार कंपनीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत ४०० किलोमीटरचं चार्जिंग दाखवलं, त्याला एक मेगावॉट लागतो. आपल्याकडे गावातला डीपी बऱ्याचदा १०० केव्हीएचा असतो आणि त्यावर पिठाची गिरणीही चालते. अशी चार्जिंग हायवेला येईल, गल्लीत नाही.

तेव्हा रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटरच्या आत असेल तर आजची एलएफपी गाडी घ्या, थांबू नका. रोज ८०–१०० किलोमीटर आणि त्यात घाट असेल, तर तीन युनिटच्या खालची गाडी बघूच नका. पॅक संपला की भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नवा पॅक घेताना जुना परत घेतल्याची पावती मागून घ्या.