प्रतिकारशक्तीच्या पेशींचं बोलणं समजून घेताना या चुका टाळा

क्षयाच्या संसर्गासाठी हातावर करतात ती मॉन्टू टेस्ट वाचताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे लाली मोजणं. हातावर १८ मिलिमीटरचा लाल चट्टा दिसतो, कागदावर १८ लिहिलं जातं, आणि बोटाने चाचपलं तर घट्टपणा जेमतेम ६ मिलिमीटर असतो. मोजायचा असतो तो हा घट्टपणा.

त्वचेच्या थरात ०.१ मिलि ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं) टोचलं की ६ ते १० मिलिमीटरचा फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. तो फुगवटा म्हणजे निव्वळ द्रव असतो. खरी घडामोड त्यानंतरची. क्षयाच्या जंतूची पूर्वी ओळख झालेल्या स्मृती टी पेशी तिथे पोचतात, त्यांना ट्युबरक्युलिनचे तुकडे दाखवले जातात, आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडून मॅक्रोफेजना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना, बोलावतात. बोलावलेल्या पेशी गोळा होतात आणि ती जागा कडक लागते. लाली फक्त रक्तवाहिन्या रुंदावल्याची खूण असते, नुसत्या सुईनेही ती येऊ शकते. पेशी जमायला वेळ लागतो, म्हणून ही टेस्ट ४८ ते ७२ तासांत वाचायची. दुसऱ्याच दिवशी ‘काही उठलं नाही’ म्हणून निगेटिव्ह लिहून टाकू नये.

मोजण्याची सोपी रीत अशी: बॉलपेन बाहेरून आत, घट्टपणाच्या दिशेने हलक्या हाताने ओढत आणा. टोक जिथे अडेल तिथे थांबा. दुसऱ्या बाजूनेही तसंच करा आणि दोन खुणांमधलं अंतर हाताच्या आडव्या दिशेने मोजा. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, एचआयव्हीबाधितात ५ पासूनच. पॉझिटिव्हचा अर्थ शरीराची या जंतूशी किंवा बीसीजी लशीतल्या त्याच्या नातलगाशी कधीतरी ओळख झाली आहे, एवढाच. आज क्षय झालाय असा नाही. उलट कुपोषण, नुकताच झालेला गोवर, बरेच दिवस चाललेली स्टिरॉइड्स, फार पसरलेला क्षय यांत टी पेशींचा आवाजच दबतो आणि क्षय असूनही हात कोरा राहतो.

प्रतिकारशक्तीचा कुठलाही रिपोर्ट, कुठलाही धडा समोर आला की तीन प्रश्न विचारायची सवय लावा: निरोप कोण देतंय, तो ऐकायला कोणाकडे रिसेप्टर (निरोप पकडणारा रेणू) आहे, आणि हे सगळं व्हायला किती वेळ लागतो. खालच्या बहुतेक चुका यांतला एखादा प्रश्न विचारायचा राहून गेल्याने होतात.

ऐकणाऱ्याला विसरणं

अ‍ॅलर्जीची स्किन प्रिक टेस्ट मॉन्टूसारखीच त्वचेवर होते, पण तिथलं संभाषण वेगळं. मास्ट पेशींच्या अंगावर आयजीई अँटिबॉडी आधीच बसलेल्या असतात. अ‍ॅलर्जन त्यांना चिकटलं की पेशी साठवलेलं हिस्टामिन ओतून देतात आणि १५ ते २० मिनिटांत गांध उठते. कोणाला बोलावून आणायचं नसतं, सगळा माल जागेवरच असतो, म्हणून हिशेब मिनिटांचा.

इथली नेहमीची चूक म्हणजे आदल्या रात्री सर्दीची गोळी घेऊन टेस्टला येणं. अँटिहिस्टामिन हिस्टामिनला थांबवत नाही, ते हिस्टामिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. निरोप निघतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात बोळे! म्हणून अशी औषधं डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी बंद करायची असतात. टेस्टमध्ये हिस्टामिनचा एक थेंब मुद्दाम ठेवलेला असतो. तिथेच गांध उठली नाही, तर बाकीचे सगळे ‘निगेटिव्ह’ रद्द समजा आणि टेस्ट पुन्हा करा.

हाच घोटाळा सीआरपीत (संसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या टेस्टमध्ये) होतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे. संसर्ग झाला की मॅक्रोफेज इंटरल्युकिन-६ हा निरोप सोडतात, यकृताच्या पेशी तो निरोप ऐकून सीआरपी बनवतात. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात हे औषध इंटरल्युकिन-६ चा रिसेप्टरच अडवतं. अंगात गंभीर संसर्ग असला तरी यकृताला खबर लागत नाही आणि सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. अशा रुग्णाचा सीआरपी बघून धीर देऊ नये. रिपोर्टबरोबर औषधांची यादी बघायला हवीच.

इंटरल्युकिन-६ चं काम काय, या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर पाठ करणं हीदेखील चूकच. यकृतात तो सीआरपी बनवायला लावतो, बी पेशींना अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी व्हायला मदत करतो, आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमसपर्यंत त्याची खबर पोचली की ताप चढतो. निरोप एकच, अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो. तापाच्या साखळीत शेवटचा दुवा प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचा असतो. पॅरासिटामॉल तिथे काम करतं, जंतूवर नाही. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार उतरला, असं धरून चालू नका.

दिवस न मोजणं

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की दुसऱ्याच दिवशी आयजीएमची (नव्या संसर्गात आधी बनणाऱ्या अँटिबॉडीची) टेस्ट करून ‘डेंग्यू नाही’ म्हणत घरी बसणारे खूप असतात. बी पेशीला विषाणू सापडणं, टी पेशीचा होकार मिळणं, मग तिची संख्या वाढणं आणि अँटिबॉडी रक्तात मोजण्याइतकी उतरणं यात दिवस जातात. म्हणून ताप आल्यापासून पहिल्या ५ दिवसांत एनएस१ बघायचा, कारण तो विषाणूचाच भाग आहे. ५ दिवसांनंतर आयजीएम. दिवस मोजायचे ते ताप सुरू झाल्यापासून, डॉक्टरकडे गेल्यापासून नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला असेल तर जुन्या स्मृतीमुळे आयजीजी (एरवी नंतर बनणारी अँटिबॉडी) झपाट्याने चढतो आणि आयजीएम कमी राहू शकतो. तिथे फक्त आयजीएमवर विसंबणं चुकीचं ठरतं.

सीआरपीलाही घड्याळ आहे. संसर्गानंतर ६ ते ८ तासांनी तो वाढू लागतो आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठतो. थंडी वाजून ताप भरल्यावर तासाभरात काढलेल्या रक्तातला नॉर्मल आकडा फारसं काही सांगत नाही.

टी पेशीला जंतू दिसतो असं समजणं

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक वर्षानुवर्षं तशीच आहे. बी पेशीला अखंड जंतू किंवा रेणू ओळखता येतो. टी पेशीला येत नाही. तिला प्रथिनाचा छोटा तुकडा एमएचसी नावाच्या तबकात वाढून द्यावा लागतो. पेशीच्या आत बनलेल्या प्रथिनाचे तुकडे वर्ग १ च्या तबकात, ते सीडी८ टी पेशीसाठी. गिळून आत घेतलेल्याचे वर्ग २ च्या तबकात, ते सीडी४ साठी. गोंधळ झाला तर गुणाकार करा: १ × ८ = ८, २ × ४ = ८. वर्ग १ केंद्रक असलेल्या पेशींवर असतो. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, तबकही नाही, म्हणून तिच्यात लपलेला मलेरियाचा परजीवी सीडी८ पेशींना सापडत नाही.

तबक दाखवलं की काम झालं, असंही नाही. दाखवणाऱ्या पेशीवरचा बी७ आणि टी पेशीवरचा सीडी२८ या दोन रेणूंची गाठ पडावी लागते. हा दुसरा होकार धोका जाणवल्यावरच मिळतो. तो न मिळता फक्त तुकडा दिसला, तर टी पेशी उठण्याऐवजी निपचित होते. आपल्याच प्रथिनांवर रोज हल्ला होत नाही, त्यामागचं हे एक कारण.

बाळांच्या लशींत हे फार सुंदर दिसतं. बाळांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणाऱ्या हिब जंतूचं कवच साखरेचं. साखर एमएचसीच्या तबकात बसत नाही, मग टी पेशीची मदत येणार कुठून? दोन वर्षांखालच्या बाळाची प्रतिकारशक्ती नुसत्या साखरेला जवळपास दादच देत नाही. म्हणून पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लशीमध्ये ही साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडतात. बी पेशी साखर पकडते, पण गिळते जोडगोळी, आणि टी पेशीला दाखवते प्रथिनाचा तुकडा. टी पेशी आपल्या अंगावरच्या सीडी४०-लिगँड या रेणूने बी पेशीवरच्या सीडी४० ला होकार देते, मग आयजीएमवरून आयजीजीकडे बदल होतो. साखर आणि प्रथिन एकत्र टोचून भागत नाही, ती जोडलेलीच लागतात. सीडी४०-लिगँड जन्मतः बिघडलेल्या मुलांमध्ये आयजीएम भरपूर आणि आयजीजी जवळपास नाही, असं चित्र दिसतं.

‘इम्युनिटी वाढवा’

काढे-पावडरींच्या डब्यांवरचा हा शब्द शास्त्राला धरून नाही. दमा, अ‍ॅलर्जी, संधिवात हे प्रतिकारशक्ती कमी पडल्याचे नव्हेत, नको तिथे चालल्याचे आजार. तिला आवरणाऱ्या टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ मध्ये फॉक्सपी३ जनुक सापडलं, ज्यावाचून या पेशी घडत नाहीत. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलेल्या मुलांत प्रतिकारशक्ती मोकाट सुटते आणि तान्ह्या वयातच आतडी, त्वचा, स्वादुपिंड यांवर हल्ला होतो.

लस गोठू देणं

उष्णतेची भीती सगळ्यांना असते, थंडीची नसते. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस-बी यांत अ‍ॅल्युमिनियमचं क्षार असतं. आजूबाजूच्या पेशींना जागं करून तो दुसरा होकार मिळवायला त्याची मदत होते. लस गोठली की या क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात, वितळल्यावरही ते सुटत नाहीत, आणि लशीची ताकद जाते. म्हणून २ ते ८ अंश. आईस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये भरू नका. बाहेर ठेवा, त्यांना घाम फुटू द्या, कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा.

शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवा आणि वितळू द्या. मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवा, आणि ३० मिनिटांपर्यंत बघा. गोठवलेल्या बाटलीत कण भराभर तळाला बसतात. संशयित बाटलीतला गाळ तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर ती लस कोणालाही टोचू नका.