बँड काढताय? आधी क्रीडन्सचं भांडण समजून घ्या, मग कागद करा

फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठेही बघा, चार पोरं जमली की आधी नाव ठरतं, मग लोगो, मग इन्स्टा पेज, आणि गाणं कोणाचं, पैसे कसे वाटायचे हे कोणी काढतच नाही कारण मित्रामित्रांत कसला हिशोब! तिथेच माशी शिंकते.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा अमेरिकन रॉक बँड घ्या. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचे चौघे, जॉन आणि टॉम फॉगर्टी सख्खे भाऊ, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड जॉनचे शाळेपासूनचे दोस्त. एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम, वर वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात शो. पण लिहिणार जॉन, गाणार जॉन, ठरवणारही जॉन, बाकीच्यांची घुसमट वाढत गेली आणि १९७१ ला टॉम बाहेर पडला, १९७२ ला बँडच संपला.

तर पहिलं काम, निर्णय कोण घेणार ते लिहा. एकच जण लीडर असेल तरी चालेल, पण तसं सगळ्यांनी तोंडावर मान्य केलेलं पाहिजे. मत द्यायचं असेल तर चौघांत दोन-दोन झाल्यावर काय, तेही आत्ताच ठरवा.

मग गाणी, आणि इथे घाई अजिबात नको. जॉनच्या गाण्यांचे हक्क त्यांच्या रेकॉर्ड कंपनीकडे, फँटसी रेकॉर्ड्सकडे गेले, करारातून सुटायला त्याने रॉयल्टीवरही, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या आपल्या वाट्यावरही, पाणी सोडलं, आणि पुढे त्याने १९८५ च्या सोलो अल्बमवर नवीन गाणं केलं तर कंपनीने केस टाकली की हे तुझ्याच जुन्या गाण्यासारखं आहे! स्वतःचीच नक्कल केल्याचा आरोप. १९८८ ला तो गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला, ज्युरीला वाजवून दाखवलं आणि जिंकला. पण बहुतेक हक्क परत हातात आले ते थेट २०२३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. मला हे वाचून आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द किंवा चाल करणाऱ्याला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तरी सहीआधी वकिलाला दाखवा. प्रत्येक गाणं झालं की त्याच आठवड्यात शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के हे लिहून ग्रुपवर टाका आणि सगळ्यांकडून ‘ओके’ घ्या, डेमोची फाइल तारखेसकट जपून ठेवा. वाद नकोच असेल तर क्वीन या ब्रिटिश बँडसारखं करा, त्यांनी १९८९ च्या अल्बमवर सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली. माझं मत विचाराल तर नवीन बँडला हेच बरं.

गिगच्या पैशांचं सोपं आहे, फक्त त्याच रात्री करा. लग्नाची पार्टी किंवा शॅकवरचा शो संपला की आधी टेम्पोचं भाडं, साउंडवाल्याचे पैसे बाजूला, मग थोडे केबल-दुरुस्तीच्या फंडात, उरलेले वाटून टाका. कीबोर्ड आणि ॲम्प ज्याच्या घरचा त्याला त्याचं काहीतरी मिळालंच पाहिजे, नाहीतर दोन सीझन गप्प राहून तिसऱ्याला तो एकदम फुटतो.

नावाकडे लोक बघतच नाहीत. १९९५ मध्ये स्टू आणि डगने मिळत्याजुळत्या नावाने बँड काढला तर जॉन कोर्टात गेला. त्याआधी १९९३ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, तेव्हाही जॉन या दोघांबरोबर वाजवायला तयार झाला नाही. टॉम तर १९९० लाच गेला होता. शाळेपासूनचे दोस्त हो! म्हणून कोणी सोडलं तर नाव कोण वापरणार ते लिहा, आणि बँड चालायला लागला की ते नाव ट्रेडमार्क म्हणून क्लास ४१ मध्ये (मनोरंजनाच्या कामांचा वर्ग) सगळ्यांच्या नावाने नोंदवा. नोंदणी १० वर्षं चालते, मग रिन्यू करायची.

हे सगळं दोन पानांत बसतं, सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकाकडे एक कॉपी. आणि दरवर्षी पावसात, शॅक बंद असतात आणि गिग कमी असतात तेव्हा, एकदा तो कागद काढून काय बदलायचं ते बोला, चवथीच्या आधी उरकून टाका कारण नंतर कोणी जागेवर सापडत नाही.