वऱ्हाडातल्या उन्हात स्पितीचं आकाश

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात, सुमारे 4,100 मीटर उंचीवर, टेकडीला बिलगून ‘की’ हा बौद्ध मठ आहे. तो जलरंगात रंगवायला घेतला, तोही मे महिन्यात, आमच्या यवतमाळकडच्या गावात. आकाशाचा निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, अर्ध्यावर यायच्या आतच वाळायचा, पट्टे उठायचे. तीन कागद वाया गेले, फार हळहळलो. मला रंगच खराब वाटले, पण कागद सुकवत होता कूलरचा वारा.

मग 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर बसवला, कूलर बंद केला आणि पहाटे पाचला बसलो. पाण्यात ग्लिसरीनचे दोनच थेंब घातले. जास्त झालं तर रंग चिकट राहतो. आकाश एकसंध उतरलं. मठाच्या पांढऱ्या भिंती म्हणजे कोरा कागदच, तिथे ब्रश लावला नाही.