हेडपाशी थांबायचं की क्रँकपर्यंत जायचं? जास्त चाललेलं इंजिन खोलताना या चुका टाळा

गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर चालली आणि निळा धूर दिसू लागला की निर्णय बहुतेक वेळा मोजमापाआधीच होतो. एक म्हणतो, "हेडचं काम करून बघू." दुसरा म्हणतो, "खोलतोच आहोत तर फुल इंजिनच करून टाकू." दोघंही अंदाजच बांधत असतात. हेड म्हणजे सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग; क्रँक म्हणजे तळाचा, पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा. किती खोल जायचं ते मीटरवरच्या किलोमीटरवरून कळत नाही. त्यासाठी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) आणि ऑइल प्रेशर तपासावं लागतं.

न मोजता हेड उतरवणं

हेड उतरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायची संधी गेली. पेट्रोल इंजिनात ते असं मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. मग प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा स्ट्रोक मिळतील इतका स्टार्टर फिरवा. बॅटरी उतरलेली असेल तर शेवटच्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी येतो आणि भलत्याच ठिकाणी शोध सुरू होतो.

सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक नको. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात छोटा चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर दोघांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता जास्त.

धुराचा चुकीचा अर्थ लावणं

रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना निळा धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो, तेव्हा संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. चढावर, लोडवर सतत येत असेल तर रिंगांवर. पण दोन्हींच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा, म्हणजे क्रँककेसमधले (क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीतले) वायू इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, ऑइल इनटेककडे ढकललं जातं आणि धडधाकट रिंगांना दोष लागतो.

जुन्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा

हाफ इंजिनच्या, म्हणजे क्रँक न काढता केलेल्या दुरुस्तीच्या नावाखाली सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते तिथे झीज सर्वांत जास्त असते, आणि त्याच्या वरचा भाग अस्पर्शित राहून कड तयार होते. नखाने वर खरवडून बघा, नख अडकतं. जुनी रिंग त्या कडेशी जुळवून घेत झिजलेली असते. नव्या रिंगेची धार चौकोनी असते. ती कडेवर आदळते आणि रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधला भाग) तरी.

बोअर गेज नसला तरी झीज ढोबळमानाने काढता येते. रिंग बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. एकदा कडेच्या जरा खाली, एकदा बोअरच्या तळाशी. समजा वर 0.60 मिमी आणि खाली 0.35 मिमी आला. फरक 0.25, त्याला 3.14 ने भागा, म्हणजे बोअर वर सुमारे 0.08 मिमीने मोठा आहे. इतका टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक) होनिंगने, म्हणजे बोअर दगडाने हलकं घासून, निघत नाही. प्रत्येक स्ट्रोकला रिंग उघडझाप करत राहणार आणि ऑइल पुन्हा जळणार. अशा वेळी बोअरिंग करून, म्हणजे बोअर कापून मोठा करून, 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन घालायचे. पिस्टन आधी आणा, बोअर नंतर करा. लेथवाल्याला प्रत्यक्ष पिस्टन मोजूनच क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) ठेवता येतो.

टेपर मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. होनिंगनंतर बोअर पेट्रोल-डिझेलने पुसून भागत नाही, कारण बारीक कण रेघांत तसेच राहतात. गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग लगेच ऑइल लावा, गंज चढायला वेळ लागत नाही.

हेड आणि ब्लॉक डिस्कने घासणं

जुनं गॅस्केट काढायला ड्रिलवर लावलेली घासणारी डिस्क वापरू नका. तिचे कण ऑइलच्या वाटांत शिरतात आणि चांगल्या बेअरिंगा खातात. वर पृष्ठभागावर खड्डे पडतात ते वेगळंच. हाताने, प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. मग सरळपट्टी आणि फीलर गेज लावून हेड उभं, आडवं आणि कर्णात तपासा. बऱ्याच अॅल्युमिनियम हेडना 0.05 मिमी ही मर्यादा असते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच तपासा, तो हमखास विसरला जातो.

मॅन्युअलमध्ये हेड बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळल्यावर आणखी काही अंश फिरवायला सांगितलं असेल तर सहसा नवेच घ्यावे लागतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही.

आवाज येतोय म्हणून फक्त बेअरिंग बदलणं

गरम इंजिनवर मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशर बघा. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा ढोबळ हिशेब. दाब ठीक, ठोका नाही आणि बोअर मर्यादेत असेल तर खाली हात लावायचं कारण नाही, हेडपाशी थांबा. बेअरिंग गेलंच असेल तर क्रँक मोजल्याशिवाय नवं बेअरिंग घालू नका. अंडाकृती जर्नलवर ते टिकत नाही. सोबत ऑइलच्या वाटा साफ करा, स्ट्रेनर (ऑइल गाळणारी जाळी) आणि पंप बघा. ऑइल कूलर असेल तर तो बदलाच, त्यातला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही. उघडण्याआधी बेअरिंग कॅपवर नंबर आणि दिशा खुणावून ठेवा. त्यांची अदलाबदल झाली तर क्रँक जाम होतो.

ब्लॉकला तडा असेल किंवा बोअर शेवटच्या ओव्हरसाइजच्याही पलीकडे गेला असेल तर शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचा, क्रँक-पिस्टन बसवलेला ब्लॉक) किंवा वापरलेलं इंजिन परवडतं. वापरलेलं घेताना मात्र तिथेच कॉम्प्रेशन मोजून घ्या.