संध्याकाळच्या रेसचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर संध्याकाळची घोड्यांची रेस असली की दुपारच्या लोकलमध्ये एक तरी माणूस दिसतोच. मांडीवर रेसबुक, कानामागे पेन, आणि प्रत्येक शर्यतीत एका नंबरभोवती गोल. अभ्यास सकाळीच आटोपलेला असतो. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एखादा घोडा मागे घेतला जातो, जॉकी बदलतो, भाव (जिंकल्यावर किती मिळणार तो दर) हलतो, पण पेनानं काढलेला गोल तिथेच राहतो. गोल काढायचाच असेल तर पेन्सिलीनं काढा आणि गेटमधून आत शिरल्यावर आधी बदलांचा बोर्ड वाचा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलतो. घोड्यांचे ताकदीनुसार क्लास पाडलेले असतात, आकडा जितका लहान तितके घोडे सरस. एक घोडी पाचव्या क्लासमध्ये हजार मीटर अशी काही पळाली की बाकीचे चार लेंथ, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीएवढे, मागे. पुढच्या वेळी ती चौथ्या क्लासमध्ये लागली, आणि पाठीवरचं वजन आधीपेक्षा कमी! मी हुरळलो. लालबागचे मामा, गिरणीत असल्यापासून रेसला जाणारे, शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अरे, वजन कमी का झालं ते बघ की."

हिशोब साधा आहे. हँडिकॅप म्हणजे सरस घोड्यावर जास्त वजन ठेवून सगळ्यांना बरोबरीत आणायचं. घोड्याच्या ताकदीला दिलेला आकडा म्हणजे रेटिंग, आणि हँडिकॅपमध्ये रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. मुंबईत पाचवा क्लास साधारण 4 ते 30 रेटिंगचा, चौथा 20 ते 46 चा. समजा घोडीचं रेटिंग 28 होतं. पाचव्या क्लासमध्ये ती सगळ्यात वरच्या, 30 रेटिंगच्या घोड्यापेक्षा फक्त एक किलोनं हलकी. जिंकल्यावर रेटिंग 36 झालं, तर चौथ्यात ती वरच्या, 46 च्या घोड्यापेक्षा पाच किलोनं हलकी. म्हणजे सूट मिळाली असं नाही, तिच्यापेक्षा दहा पॉइंट सरस घोडा समोर आलाय एवढाच त्याचा अर्थ. त्यात शर्यत 1400 मीटरची. शेवटचे दोनशे मीटर राहिले असताना घोडी आघाडीवर होती, शेवटी पाचवी आली. मामा काही बोलले नाहीत, पण चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

तेव्हापासून नुसतं 'घोडा चांगला आहे का' असं मी विचारत नाही. या क्लासमध्ये, या वजनावर, या अंतराला तो चांगला आहे का, असं विचारतो. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते, तीही नुसती आनंदानं मोजू नका. दोन किलो कमी झाले, पण गर्दीतून वाट काढायला हात कोणाचे आहेत?

नोव्हेंबरमध्ये मुंबईचा सीझन सुरू होतो तेव्हा बहुतेक घोड्यांचा ताजा फॉर्म पुण्याचा असतो. पुण्याच्या पावसाळी हिरवळीवर पळालेला घोडा इथल्या कडक ट्रॅकवर तसाच पळेल हे गृहीत धरू नका. रेस भरवणारा क्लब पेनेट्रोमीटरचा, म्हणजे ट्रॅक किती मऊ की कडक ते मोजणारा, आकडा जाहीर करतो, फॉल्स रेल (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) किती मीटर बाहेर लावली आहे तेही सांगतो. दोन ओळींची माहिती, पण वाचतंय कोण! रेल सरकली की आतल्या ड्रॉचा (सुरुवातीला कुंपणाजवळ मिळालेल्या जागेचा) फायदाही सरकतो.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, घाम बघून घोडा बाद करणारे खूप. मुंबईच्या दमट हवेत सगळेच घामाघूम असतात. सगळे कोरडे आणि एकाच्याच मागच्या पायांमध्ये पांढरा फेस, तोंडात लगामाशी झटापट, मोतद्दाराला ओढतोय, तर मात्र विचार करा. हे आवरेपर्यंत दिवे लागलेले असतात, आणि दिव्याखाली प्रत्येकाची कातडी चकाकते. म्हणून चालीकडे बघा, मागचा पाय पुढच्याच्या ठशापुढे पडतोय का ते बघा.

आता पैशांचं. रेसवरच्या बेटवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के आहे, आधी 28 होता. तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभर लावले तर कर चाळीस. फेव्हरिटचा, म्हणजे सगळ्यांच्या पसंतीच्या घोड्याचा, भाव शंभराला चाळीस (शंभर लावून वर चाळीस मिळणार) असेल तर घोडा जिंकूनही तुम्ही जिथल्या तिथे. 'बँकर आहे (हमखास जिंकणार), बंद डोळ्यांनी लावा' म्हणणाऱ्याला हे गणित एकदा विचारून बघा. एका तिकिटावर दहा हजारांच्या वर जिंकलात तर 30 टक्के टीडीएस वेगळा. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये गोळा करून जिंकणाऱ्यांत वाटायची सोय. तिच्या स्क्रीनवरचा आकडाही शेवटचा नसतो. पूल बंद होईपर्यंत तो हलतो, आणि शेवटच्या मिनिटाला पैसे आले की तुमचा 'मस्त भाव' अर्धा होतो. बुकीकडे मात्र तिकिटावर लिहिलेला भाव तुमचा. बुकी म्हणजे आवारातला, परवानाधारक. फोनवरचा नव्हे, तो बेकायदा आहे.

जॅकपॉटमध्ये लागोपाठ पाच शर्यतींचे विजेते सांगायचे असतात. प्रत्येकीत दोन घोडे घेतले तर 32 तिकिटं होतात, तीन घेतले तर 243. 'थोडं सेफ खेळू' म्हणत लोक हा आकडा कुठे नेऊन ठेवतात ते खिडकीवर पोहोचल्यावर कळतं. व्हॉट्सॲपवरच्या टिपांबद्दल काय बोलणार? रेस संपल्यावर 'सांगितलं होतं ना' म्हणणारी वरातीमागची घोडी आहेत ती.

आणि एक बारीक गोष्ट. घोडा दुसरा आला म्हणून तिकीट फाडू नका. जॉकींची वजनं व्हायची असतात, आडवा आल्याचं ऑब्जेक्शन लागू शकतं, स्टुअर्डांनी (शर्यतीवर देखरेख करणाऱ्या पंचांनी) निकाल फिरवला तर दुसरा पहिला होतो. मामा शेवटच्या शर्यतीनंतरही तिकीट खिशात ठेवून बोर्डाकडे बघत बसायचे. फाडलेल्या तिकिटाचे तुकडे गवतात शोधणारा माणूस त्यांनी एकदा पाहिला होता, आणि तो माणूस कोण होता हे विचारलं की विषय बदलायचे.