जुनं घर विकलंय? रेल्वेचे बाँड घेण्याआधी हा हिशोब करा

बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा विकला तेव्हा आत्याला सगळे एकच सांगत होते, पैसे बाँडमध्ये टाक, टॅक्स लागणार नाही. किती टाकायचे आणि कधी, ते कोणी सांगेना. म्हणून लिहितोय.

५४ईसी बाँडचं असं आहे, घर किंवा जमीन दोन वर्षांहून जास्त ठेवून विकली की जेवढा नफा यात टाकाल तेवढ्यावरचा टॅक्स माफ. त्यातले आयआरएफसीचे मला आवडतात, ही सरकारी कंपनी १९८६ पासून रेल्वेच्या इंजिन-डब्यांसाठी पैसा उभा करते. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम नॅरोगेज टाकली, तेव्हा डबे बैल ओढायचे, त्या बडोद्यातला पैसा आजही रेल्वेत जातो याचं मला खरंच बरं वाटतं.

पण हिशोब आधी. समजा तुमच्या वाट्याला ४० लाख आले आणि १ एप्रिल २००१ ला त्या वाट्याची किंमत ८ लाख होती (आजोबांच्या काळातल्या घराला ही तारीख धरता येते, व्हॅल्युअरकडून लिहून घ्या). नफा ३२ लाख, साडेबारा टक्क्यांनी टॅक्स ४ लाख, आणि इथेच घाबरून लोक बाँडचा फॉर्म भरतात. पण जागा २३ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर महागाई धरून २० टक्क्यांचाही हिशोब करता येतो, सरकारचा महागाईचा आकडा २००१-०२ ला १०० होता, २०२५-२६ ला ३७६, म्हणून ८ लाखाचे ३०.०८ लाख होतात, नफा ९.९२ लाखच उरतो आणि टॅक्स २ लाखाच्या आत येतो. तो शून्य करायला पूर्ण ३२ लाख बाँडमध्ये टाकले (नेमके किती लागतील ते सीएला विचारा), तर ते पाच वर्षं सव्वापाच टक्क्यांवर अडकतात, व्याजावर टॅक्स आहेच. बँक साडेसहा देत असेल तर पाच वर्षांत तेवढेच २ लाख गेले ना! २००१ ची किंमत फारच कमी निघाली, किंवा विकणारा भाऊ परदेशात असतो (त्याला २० टक्क्यांचा पर्याय नाही), तर बाँड घ्याच.

माणशी ५० लाखच, मार्चमध्ये ५० आणि एप्रिलमध्ये ५० आता चालत नाही. वाटेकरी चार असतील तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी. या बाँडवर कर्ज काढू नका, सूट जाते.

आणि दस्तावेज झाल्यापासून सहाच महिने मिळतात. आत्याची २००१ ची किंमत कमी निघाली म्हणून बाँड घ्यायचं ठरलं, पण सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तेव्हा हातात नऊ दिवस होते.